सिद्धता जागेअभावी वगळली आहे

अगं थांब, थांब — ते दार नको उघडूस आता! फार करकरतं ते. मघाशी एकजण आत गेला तर आख्खा हॉल मागे वळून बघायला लागला आणि बोलणाऱ्याची लिंक तुटली. बस इथं. बस गं, बाकावर जागा आहे, ती पिशवी माझीच आहे, ढकल तिकडे. आणि इथं काय कमी ऐकू येतं? त्या कॉफीच्या टेबलावर स्पीकर लावलाय बघ — कॉफी पिता पिता कुणाचं ज्ञान बुडू नये म्हणून! आत बोलतायत ना, ते आमचे हे. हो, हेच ते, आजचं मुख्य भाषण. तू सर म्हण, प्रोफेसर म्हण, काय म्हणायचं ते म्हण, मी त्यांची बायको. माझ्या गळ्यातलं कार्ड बघतेयस? वाच, वाच, लाजू नकोस. 'सोबतची व्यक्ती'. नाव नाही, गाव नाही, नुसती सोबतची व्यक्ती. छत्रीला असं कार्ड लावलं तर छत्रीसुद्धा रुसेल. जन्मभर या असल्या कॉन्फरन्सांना येतेय मी, आणि जिथं जावं तिथं गळ्यात हेच — रंग तेवढा बदलतो.

आणि सोबतच्या व्यक्तींसाठी काय काय करतात माहितीये? बस काढतात. तळं दाखवायला. जिथं जाऊ तिथं एक तळं असतंच, आणि बसमध्ये आम्ही सगळ्या बायका, आणि हल्ली दोन-चार नवरेही असतात हं बिचारे, तोंड पाडून खिडकीतून बघत बसलेले. मी या वेळी नाही गेले. म्हटलं, मी इथंच बसते, दाराशी. का? — असंच. तळी काय, बघितली खूप. कॉफी घेतेस? नको घेऊस, कडू आहे, आणि ती बिस्किटं तर कालचीच आहेत, मी कालच ओळख करून घेतलीये त्यांच्याशी.

तुला खरं सांगू का, आत जाऊन तू करणार काय आहेस? मला यातलं ओ की ठो कळत नाही, पण एक मला पक्कं कळलंय, की आत बसलेल्यांनाही कळत नाही! अगं हसतेस काय, बघितलंय मी. पहिली स्लाइड — सगळ्यांना कळते, तिच्यावर नाव असतं. दुसरी — निम्म्यांना. तिसरीला खुणाच खुणा येतात, उलटा ए काय, आडवा यू काय, की झालं, पटापट लॅपटॉप उघडतात आणि आपापल्या मेल बघत बसतात. मधूनच मान डोलवायची. का डोलवायची? तर शेजारचा डोलवतोय म्हणून. आणि शेजारचा का डोलवतोय? तर तू डोलवतेयस म्हणून! पहिल्या रांगेतले ते म्हातारे बघितलेस, जाकीटवाले? ते तर बसल्या बसल्या झोपतात, चक्क घोरतात, आणि टाळ्यांनी जाग आली की हात वर करून विचारतात, "पण हेच सगळं अनंत असेल तर?" झालं. कुठल्याही भाषणाला चालतं! बोलणारा म्हणतो, फारच खोल प्रश्न आहे. सगळे म्हणतात, वा. म्हाताऱ्यांनी आजवर दुसरा प्रश्न विचारलेला मी ऐकला नाही, आणि त्यांना मेडल मिळालंय.

आणि ते पेपर! आमच्या घरी पेपर म्हटलं की बाकीच्या घरांत वाचतात तो नाही, हा. छापणारे हेच, तपासणारे हेच, आणि वाचणारे — वाचणारं कुणीच नाही. एकाच पेपरला एकजण लिहितो, फारच सोपा आहे, दुसरा लिहितो, फारच अवघड आहे, आणि दोघांचं मिळून काय ठरतं? नको. पेपर परत! आणि तपासणारा कोण ते कळू द्यायचं नाही म्हणे, गुपित असतं — कसलं डोंबलाचं गुपित, "माझ्या अमुक पेपरचा उल्लेख करायला हवा होता" असं जो लिहितो तो कोण ते शेंबडं पोरसुद्धा सांगेल. आणि त्यातली सगळ्यात मोठी गंमत कुठली सांगू? पानांची. अमुक पानांच्या वर लिहायचं नाही. मग काय करायचं? प्रमेय लिहायचं, मोठ्ठं, चौकटीत, आणि त्याच्याखाली लिहायचं — "सिद्धता जागेअभावी वगळली आहे. संपूर्ण आवृत्तीत पाहावी." संपूर्ण आवृत्ती! ती कधी येते? ती येत नाही, गं. मी वाट बघितलीये ना तिची, घरात चार कपाटं रिकामी करून दिली. तोवर पुढच्या कॉन्फरन्सची तारीख येते, मग नवं प्रमेय, नवी चौकट, परत जागा नाही. जगात सगळ्यांना जागा आहे, सिद्धतेला तेवढी नाही. मी एकदा म्हटलंही यांना — उद्या मी स्वयंपाकच वगळते आणि ताटात चिठ्ठी ठेवते. हसले खूप. तेव्हा हसायचे.

बस ना. कुठं निघालीस? अजून चाललंय त्यांचं. संपलं की प्रश्न विचारायला वेळ असतो, तेव्हा — हं. तेव्हाच जायचंय तुला. माहितीये मला.

असं काय बघतेस? सकाळी नाश्त्याला तू माझ्या मागच्या टेबलावर होतीस. त्या दुसऱ्या मुलीला सांगत होतीस, सगळं ऐकलं मी, कान देऊन ऐकलं, सवय आहे. सरांच्या त्या प्रसिद्ध प्रमेयात तिसरा लेमा आहे — लेमा म्हणजे प्रमेयाच्या आधीची पायरी, एवढं मला इतक्या वर्षांत कळलंय — आणि त्या पायरीखाली काही नाहीच. बरोबर? जागेअभावी वगळलेली सिद्धता, ती तू स्वतः करून बघितलीस, तर होईना. आणि नुसतं होईना असं नाही, त्याच्या उलटं उदाहरण सापडलं तुला. आणि तू ते लिहून छापायला पाठवलंस तर काय उत्तर आलं? "निकाल सर्वमान्य आहे, लेखिकेचा काहीतरी गैरसमज झालेला दिसतो." सर्वमान्य! वाचलेला एकानेही नाही, पण मान्य सगळ्यांना. तुझा प्रबंध त्याच्यावर अडलाय, तुझे गाईड म्हणतात, कशाला नसत्या भानगडीत पडतेस — म्हणून तू ठरवलंस, आज सगळ्यांसमोर उभं राहून विचारायचं. आवाज कापत होता तुझा सांगताना. खरं सांगते, मला तुझं कौतुक वाटलं. आणि त्याच क्षणी मी ठरवलं, हिला आत जाऊ द्यायचं नाही.

हो, म्हणून बसवलंय तुला. दार काही एवढं करकरत नाही. चिडलीस? चीड. पण बसून चीड.

तू त्यांना मेल केल्यास ना, सिद्धता पाठवा म्हणून? तीनदा? आणि उत्तर आलं, "लवकरच पाठवतो, तुमच्या कामाला शुभेच्छा." कसं माहीत म्हणजे? मीच — म्हणजे यांनीच सांगितलं, मी नुसतं टाइप केलं. डोळ्यांना त्रास होतो यांच्या. असं बघू नकोस माझ्याकडे. शुभेच्छा मनापासून होत्या. — बरं, ऐक. डोळ्यांचं काही नाही. डोळे ठणठणीत आहेत. आज नाश्ता झाल्यावर मी खोलीत गेले, यांच्या शर्टाची बटणं लावता लावता सहज विचारलं, अहो, त्या तिसऱ्या लेमाचं काय झालं होतं हो? तर माझ्याकडे बघितलं. असं बघितलं की पाहुण्याकडे बघतात ना, नाव आठवत नसताना, तसं — आणि अगदी सभ्यपणे म्हणाले, "कुणाचा लेमा?"

कुणाचा म्हणे. आख्खी दुनिया ज्याला यांच्या नावानं ओळखते तो.

तू कुणाला सांगणार नाहीस. नाही ना? तो सूत्रसंचालन करतोय ना, टकलू, तो यांचाच विद्यार्थी, आमच्या घरी जेवून मोठा झाला — त्यालासुद्धा मी इतकंच सांगितलंय की सरांना हल्ली दमायला होतं. बाकी यांना बोलावणाऱ्यांना मी हो म्हटलं. मीच म्हटलं, हो. का नाही म्हणायचं? ज्यांना काही येत नाही ते उभे राहून बोलतात, ज्यांना येत होतं त्यांनी एकदा नाही बोलायचं? शेवटचं एकदा? जुन्या स्लाइडा आहेत, प्रत्येक स्लाइडखाली काय बोलायचं ते मी मोठ्या अक्षरात टाकून दिलंय, आणि रोज दुपारी जेवणाच्या टेबलाशी उभं करून म्हणून घेतलंय. समोर श्रोते कोण? मी आणि फ्रिज. येतं सगळं. ऐक ना, कसं बोलतायत ऐक — आवाज बघ! या आवाजावर मी लग्न केलं. "दोन वाक्यं वेगळी दिसतात, पण एकच गोष्ट सांगतात का, हे यंत्राला ठरवता येईल का?" मला वाटलं होतं, हा माणूस घरात बोलायला लागला की काय बहार येईल. घरात तो बोललाच नाही फारसा, सगळं इथंच, यांच्यासमोर, या मान डोलवणाऱ्यांसमोर सांडून आला. जाऊ दे.

प्रश्नांचीच तेवढी भीती. म्हणून टकलूशी ठरवलंय मी — पहिला प्रश्न तोच विचारणार, तो यांना पाठ आहे, उत्तर पाठ आहे, मग टकलू म्हणणार, वेळ संपली, कॉफी घेऊ या. संपलं. टाळ्या, फोटो, विमान, घर. आणि तू मध्येच उठून म्हणणार, तिसऱ्या लेमात चूक आहे! मग? तुझ्याकडे असेल उदाहरण. बरोबरही असशील तू. पण समोर उभं राहून तुझ्याशी भांडेल तो माणूस आज उरलाच नाहीये गं. उद्या लिही, परवा लिही, चव्हाट्यावर मांड, माझी काही तक्रार नाही. लेमा कुठं पळून जातोय? पण ही टाळी तेवढी पडू दे.

श्श्. संपत आलं. ही शेवटची स्लाइड, आभाराची. — पडल्या! ऐकतेस? किती वेळ चाललीये टाळी! उठून उभे राहिलेत बघ, खुर्च्यांचा आवाज येतोय, ते जाकीटवालेही जागे झाले असणार. थांब, टकलू विचारतोय — हां, हाच तो प्रश्न — आणि हे बघ, हे बघ, उत्तर! एक शब्द इकडचा तिकडे नाही! अगं वा! झालं. सुटलो. रडत नाहीये मी, कॉफीची वाफ आहे ती. जा बाई तू आता, तुझ्या मैत्रिणीकडे जा, आणि उद्या ऊठ आणि काय वाटेल ते लिही आमच्याबद्दल, मी स्वतः तुला —

काय म्हणाले?

नाही, टकलू 'वेळ संपली' म्हणाला, त्याच्यानंतर. माइक चालू आहे अजून. "मित्रहो, तुम्ही मला बोलावलंत, मी आभारी आहे. एका साध्या प्रश्नापासून सुरुवात करू." हे तर — हे पहिल्या स्लाइडचं आहे. पहिलंच वाक्य आहे हे. हसले सगळे. त्यांना वाटलं, गंमत करतायत. हसू देत. आता थांबतील. थांबतील आता. — दुसरी स्लाइड. अगं, ते बोलतच चाललेत. आता कुणी हसत नाहीये. टकलू, अरे, काहीतरी बोल ना! कुणी थांबवत नाहीये त्यांना.

ऊठ. ऊठ गं, बघत काय बसलीस! जा आत, ढकल ते दार. तुझा तो प्रश्न — तिसरा लेमा — विचार. मोठ्यानं विचार, मध्येच तोड त्यांना, चूक आहे म्हण, सगळं चूक आहे म्हण. मी सांगते म्हणून म्हण. उद्धट म्हणतील तुला, ओरडतील अंगावर, ओरडू देत! सगळे वळून तुझ्याकडे बघतील. बघू देत तुझ्याकडे. यांच्याकडे नको. जा.