गरब्यातली हिरवळ

आमच्या विरारच्या सोसायटीतल्या हिरवळीचं तुम्ही कौतुक करता ना, ते खरं तर आमच्या हिचं, सुलभाचं करायला हवं. मी नुसता अध्यक्ष होतो, म्हणजे काळजी करायचं काम तेवढं माझ्याकडे.

नवरात्र चालू होतं. माती आणि शेणखत पसरून झालं होतं, सकाळी गवताच्या लाद्यांचा टेम्पो येणार होता, आणि माती दाबायचा रोलर काही आलाच नाही. भुसभुशीत मातीवर लाद्या टाकल्या की जागोजागी खड्डे पडणार.

"अगं, तत्त्वज्ञान शिकवणाऱ्या माणसाला अध्यक्ष करतात का कधी?" मी हिला म्हणालो.

ही वसईकडच्या निर्मळ गावची. म्हणाली, "आम्ही पोरी मळणीचं नवीन खळं नाचून दाबायचो. आजचा गरबा इथेच घेऊ."

"आणि माती कमीजास्त दबली तर?"

"तुम्ही आधी बाजूला व्हा."

संध्याकाळी तिने सगळ्या बायकांना अनवाणी उतरवलं. "पाय आपटा गं! सासूला वरपर्यंत ऐकू गेलं पाहिजे!" सासवाही उतरल्या. मी मधोमध खुर्ची टाकून जमीन सपाट होतेय का ते पाहत बसलो.

"अहो, उठा, तिथली माती राहतेय!"

"मला कुठे नाचता येतं?"

रिंगण मला वळसा घालून फिरत राहिलं.

सकाळी लाद्या फरशीसारख्या बसल्या. आजही हिरवळ सपाट आहे, फक्त मधोमध एक खळगा आहे. पावसात तिथे पाणी साचतं, आणि ही पाहुण्यांना हौसेने दाखवते, "इथे आमचे अध्यक्ष बसले होते."