पंगतीतल्या दोन खुर्च्या

बेळगावच्या दवाखान्यात डॉक्टरांना गुडघे दाखवून बाहेरच्या बाकावर बसलेले वडगावचे विणकर मल्लाप्पा बायकोला, बायाक्काला, सांगत होते.

“गुडघ्यातली गादी झिजलीया. आता हललो तर आनी झिजंल.”

“उलटं म्हणालं की डॉक्टर. बसून ऱ्हायलं तर गुडघं आखडत्यात. रोज चाला, मांडीचा व्यायाम करा. फकस्त खाली मांडी घालून बसू नका.”

“मग नातीच्या लग्नात पंगतीला कसा बसू? मी येत न्हाय.”

“खुर्चीवर बसून जेवा की.”

“एकटाच? लोक हसतील.”

“दोन खुर्च्या मांडाय सांगितल्यात मी.”

“दुसरी कुणाला?”

“मला. माझंबी गुडघं लई दिवस दुखाय लागल्यात.”

“मग बोलली न्हाईस?”

“तुमी कण्हत असताना कवा बोलू?”

 मल्लाप्पा भिंतीला धरून उठले.

“बस हितंच. तुझा नंबर लावून येतो.”