बोलावण्याची वाट

बहीण : चप्पल बाहेर काढलीय, पण बाळाचे पाय चिखलाने भरलेत. खाली सोडू की नको?

भन्ते : सोड. फरशी पुसता येते.

बहीण : नको, कडेवरच बरा. त्या पायरीला कठडा नाही, हा सरळ तिकडेच धावेल. दादा... बघ, भन्ते म्हणायचं ठरवून आले होते.

भन्ते : दादाच म्हण. आई कशी आहे?

बहीण : तेच सांगायला आले. म्हणजे सांगायचं नव्हतं. शपथ घातलीय तिनं. "पोराचा वर्षावास मोडलास तर तुझ्याशी बोलणार नाही." आता तसंही बोलणं कमीच झालंय तिचं.

भन्ते : कधीपासून?

बहीण : तू इथं बसलास त्याच्या जरा आधीपासून. पोट दुखायचं, मग जेवण सुटलं. डॉक्टर म्हणतात, घरीच ठेवा. घरीच ठेवा म्हणजे काय, ते मला कळतं रे.



भन्ते : आणि मला कुणी कळवलं नाही.

बहीण : कसं कळवणार? पावसाळाभर विहार सोडून राहायचं नाही, हा तुमचाच नियम ना? आईनं अख्ख्या गल्लीला समजावलाय. वाटेवर कोवळं उगवलेलं असतं, किडामुंगी असते, भिक्खूंच्या पायाखाली चिरडू नये. म्हणून एका जागी राहायचं, ध्यान करायचं, धम्म शिकायचा, शिकवायचा. सांगताना मान कशी ताठ असते तिची! मीही एका जागीच आहे, दादा. पोर मांडीवर, आई गादीवर. त्याला कुणी वर्षावास म्हणत नाही.

भन्ते : खरं आहे.

बहीण : टोचावं म्हणून नाही बोलले.

भन्ते : टोचू दे. ऐक. उपासकांकडं जाऊन राहायचं तर त्यांचं बोलावणं यावं लागतं. पण आईबाप आजारी असले, तर बोलावण्याचीही वाट बघायची नाही. निघायचं. सात दिवसांत परत यायचं, एवढंच. वर्षावास मोडत नाही.

बहीण : म्हणजे... आम्ही उगाच लपवलं? परवा फाटकापर्यंत येऊन मागं फिरले मी. वाटलं, सांगितलं तर तुझं नुकसान, नाही सांगितलं तर तिचं.

भन्ते : रडू नकोस. पोर बघतंय तुझ्याकडे.

बहीण : आणि सात दिवसांनी ती असली तर?

भन्ते : तरी परत येईन.

बहीण : मग मागं पुन्हा मीच.

भन्ते : हो. इथं येऊन पुन्हा निघता येतं. पण आज तसा शब्द देत नाही.

बहीण : बरं. सात तर सात. आज तू तिचा हात धरून बस, म्हणजे मी बाळाला घेऊन जरा पडेन. कितीतरी दिवसांत पाठ टेकली नाही.

भन्ते : भिक्खूला बाईचा हात धरता येत नाही.

बहीण : आईचासुद्धा?

भन्ते : आईचासुद्धा.

बहीण : ...असू दे. हात मी धरेन. तू नुसता बोलत राहा.

भन्ते : काय बोलू?

बहीण : काहीही. आवाज थांबला की दचकते ती.