आईच्या वयात बारा मिळव

हॅलो? … हं, आई, बोल. … ऑटोत आहे गं. हेब्बाळच्या पुलावरची कोंडी, दुसरं काय! तासाभरात बोटभर सरकलो असू. … हो, ऐकू येतंय. पण तू का कुजबुजतेस? … कुठे? … न्हाणीघरात? पुस्तक घेऊन? … अगं, ओलं होईल ना ते!

… कोण आलंय? … अक्का? आजच? … हां, उद्याच्या बारशाचं ठरवायला. म्हणजे अप्पा आणि त्यांची बहीण बाहेर चहा पिताहेत आणि तू आत कडी लावून गणित सोडवतेस. शाबास!

… नाही, हसत नाही. … आई, उद्या पेपर आहे तुझा. दहावीचा. गणित तेवढं राहिलंय, बाकीचे सगळे विषय काढलेस. … ठाऊक आहे, या खेपेला कुणाला सांगायचं नाही. शिवणाच्या क्लासला जाते म्हणून सांगतेस ना? मग उद्याही तेच सांग आणि नीघ.

… काय? … 'पोळ्या कोण करणार' म्हणजे? … नातू अक्कांचा, बारसं अक्कांच्या घरी, आणि पुरणपोळ्या तू का म्हणून? अख्ख्या यशवंतपुरात आचारी मिळेना झालाय? … हो म्हणालीस तू? … कधी? … आत्ता? … आई!!

… हो, हो… अगं ऐक ना… अगं ऐक तरी! मला नको सांगूस. मागच्या खेपेला पेपर अर्धा टाकून उठलीस. अक्कांनी ते त्यांच्या शिवानीच्या लग्नात पंगतभर ऐकवलं. तेव्हापासून तू घाबरलीयस. पोळ्यांचं नुसतं निमित्त! … मग नाही कसं?

… बरं, बरं, ओरडत नाही. अडलंय कुठे ते सांग. … कन्नडमध्येच वाच, कळतं मला. … हं… आईचं वय आज मुलीच्या तिप्पट… बारा वर्षांनी दुप्पट होईल… तर आजची वयं काढा. सोपं आहे. … बरं बाई, सोपं नाही. चुकलं माझं. पायरीपायरीनं जाऊ.

मुलीचं वय काय मानलंस? … एक्स. आणि आईचं? … तीन एक्स. बघ, येतंय की! … बारा वर्षांनी मुलगी किती वर्षांची? … एक्स अधिक बारा. सरी, बरोबर. आता पुढची ओळ मांड. … नुसतं उत्तर नको, मांड. तोंडी करतेस आणि मार्क घालवतेस.

… काय आलं? … मुलगी चोवीस आणि आई बहात्तर? … अगं, म्हणजे ही बाई अठ्ठेचाळिसाव्या वर्षी बाळंत झाली! … होत असेल तुमच्या गल्लीत कुणी. पण ताळा करून बघ ना.

… अण्णा, स्वल्प हॉर्न निल्सी! … तुला नाही गं, ऑटोवाल्याला म्हटलं, जरा हॉर्न थांबव म्हणून.

हं, कर ताळा. बारा वर्षांनी मुलगी छत्तीस. त्याच्या दुप्पट? … बहात्तर. बरोबर. पण आई आजच बहात्तर आहे ना? मग बारा वर्षांनीही बहात्तरच? … थांब, थांब. मांडलेली ओळ वाच. … 'तीन एक्स बरोबर दोन, कंसात एक्स अधिक बारा'. … अगं आई! बारा वर्षं मुलीचीच वाढवलीस तू. आईच्या वयात मिळवलीच नाहीस!

… खुळी कशानं? सगळ्यांची होते ही चूक. … काय म्हणालीस? … पुन्हा म्हण.

… 'आईचं कोण मोजतं.'

… असं नको ना बोलूस. … नाही, वाईट वाटणारच. मला वाटतंय. … माझ्या दहावीला तू रोज शेजारी बसून अवरेच्या शेंगा सोलायचीस. मी मोठ्यानं वाचायचे आणि मला वाटायचं, सोबत म्हणून बसलीय. … हो? तेव्हापासून? … मग एकदा तरी म्हणायचंस, मलाही शिकव म्हणून! … तू बोलली नाहीस, आणि मी विचारलं नाही.

… मिळव. आईच्या वयात बारा मिळव आणि पुन्हा मांड. … आहे, आहे लाइनवर. … तीन एक्स अधिक बारा बरोबर… हं… कंसाबाहेरचे दोन आतल्या दोघांनाही वाढायचे, बाराला उपाशी ठेवू नकोस. … दोन एक्स अधिक चोवीस. वा! … एक्स सगळे इकडे, आकडे तिकडे. … चिन्ह बदललंस? … मग? … बारा! आणि आई? … छत्तीस! ताळा कर, घाई नको. … अठ्ठेचाळीस आणि चोवीस. … दुप्पट! आई, आलं! तुझं तुला आलं!

… कोण दार वाजवतंय? … अक्का? … नळ सोड, नळ! … अगं, कडी कशाला काढतेस? … पुस्तक पदराखाली तरी घे! … आई? … हॅलो? …

… हां. काय विचारतात त्या? … डाळ किती भिजवू? … मग काय सांगितलंस? … नीट सांग, इथे ट्रक आहे शेजारी. … 'पोळ्यांना मी येत नाही, उद्या माझा गणिताचा पेपर आहे'? असं? तोंडावर? … आणि त्या? … बसल्या? कुठे, स्टुलावर? … बसू दे. … आणि अप्पा? … पुस्तक मागितलं? … चष्मा शोधताहेत? …

अगं, रडत नाहीये मी, धूळ आहे इथे. … आई, ऐक, आता पुढचं गणित घे. मी घरी पोचेपर्यंत फोनवरच… काय? … मी ठेवू? का? …

'तू ठेव आता, माझा वेळ जातोय'? … तुझा?

… हॅलो? … आई? …

… ठेवला!