प्रार्थना संपेपर्यंत गेट बंद

अरे, मंत्र्यांच्या केबिनमध्ये बिनधास्त घुसलेला पत्रकार मी. पण अंबरनाथमधल्या ज्या मुलांच्या कॅथलिक शाळेत शिकलो, तिनेच मला गेटवर अडवलं! शाळा ज्या संताच्या नावाची त्याचा सण, मी प्रमुख पाहुणा आणि उशीर पाच मिनिटांचा.

वॉचमन साळवीकाका म्हणाले, "प्रार्थना चालू असताना गेट उघडत नाय. उशिरा आलेल्यांनी भिंतीला लागून उभं राहायचं."

"काका, पोरं प्रार्थनेचं तेच गाणं तिसऱ्यांदा म्हणतायत. संपणार कधी?"

"प्रिन्सिपल फादर बोललेत, पाहुणे येईपर्यंत चालू ठेवा."

"अहो, तो पाहुणा मीच!"

"मग थांबा ना साहेब. संपली की लगेच उघडतो."

फादरचा फोन बंद. प्रार्थनेत फोन बंद, हाही त्यांचाच नियम. पाचव्यांदा गाणं सुरू झालं तेव्हा फादर स्वतःच मला शोधत शाळेला लागून असलेल्या चर्चच्या दाराने धावत रस्त्यावर आले, आणि ते दार मागे लागलं. बाहेरून ते उघडत नाही. साळवीकाकांनी त्यांनाही भिंत दाखवली.

गाणं थांबवा म्हणून सांगू शकणारा एकच माणूस होता, आणि तो माझ्या शेजारी भिंतीला लागून उभा राहून तेच गाणं गुणगुणत होता!