एका टँकरच्या तीन प्रती

आमच्या बाबांच्या मते कॉलेज सोडलेल्या पोराला अक्कल नसते. आता त्यांच्या अकलेची गोष्ट ऐका. पैठणचं धरण आटलं होतं, कॉलनीत आठ दिवस नळाला थेंब नाय. मी घरच्या कामांची यादी त्यांच्या मोबाईलवर, टॅबवर आणि कॉम्प्युटरवर जोडून दिली. म्हणलं, "बाबा, कुठंही एकदाच लिहा, सगळीकडं दिसतं."

बाबा जन्मभर सरकारी कारकून. "दिसण्यावर काय भरवसा? प्रती पाहिजेत!" म्हणत त्यांनी 'टँकर सांगणे' तिन्हीकडं वेगवेगळं लिहिलं. आईनं यादी उघडली, तीन टँकर दिसले, तिनं तीन सांगितले.

सकाळी तिन्ही दारात. आमची टाकी पहिल्यातच भरली. मागचा ड्रायव्हर बोंबलतोय, "साहब, पानी किधर डालू?" बाबा घामाघूम. तेवढ्यात अख्खी कॉलनी बादल्या घेऊन धावत आली. बाबांनी लगेच छाती फुगवली, "घ्या, घ्या, तुमच्यासाठीच मागवलं!"

लोकांनी तिथंच त्यांना पाणी कमिटीचे अध्यक्ष केलं. घरात येऊन मला म्हणतात, "गाढवा, ती यादी आता कॉलनीतल्या चाळीसही घरांना जोडून दे. आणि सांग, ज्यानं त्यानं 'टँकर सांगणे' आपल्या हातानं लिहायचं. प्रती पाहिजेत!"