आज फूल आलं नाय

हॅलो?… कोण?… सुंदरा? अगं बाय माझे, तूच!… हो, हो, कालच दवाखान्यातनं घरी आणलं. पोशीरलाच. जितेश आलाय ना, पोरगा माझा, पनवेलवरून. तो बोलला, खालापूरच्या त्या बाई रोज विचारत होत्या…

पाय? हाय गं. सळई घातलीय आत. डाक्टर बोलले, चालशील… नको रडू. अगं ऐक ना. ऐक तरी!

त्या दिवशी काय झालं, तुला कुठं ठाऊक हाय? न्हाणीत पाय सरकला. खुब्यात कट्टकन वाजलं. पडले ती उठताच येईना. हाका मारल्या, पण शेजारची सगळी भाताच्या लावणीला गेलेली. फोन चुलीपाशी. आणि मग तो वाजला.

…हो, तूच! माझं सकाळचं फूल आलं नाय म्हणून ना? बघ! आणि हा जितेश हसायचा आपल्याला. आई, रोज उठून गुलाबाचे फोटो कसले पाठवता, बोलायचा.

वाजायचा, थांबायचा. थांबला की वाटायचं, कंटाळली ही. की परत वाजायचा!… नाय गं, हात कुठं पोचतोय? पण वाजला की मी आपली तिथनंच बोलायचे, 'हाय गं सुंदरे, जिवंत हाय!'… हसतेस काय?

मग वाजायचाच बंद झाला. तेव्हा मात्र धीर सुटला माझा.

अं? तेव्हाच गिरणीवाल्याला लावलास? पण गजाचा नंबर तुला कुणी… माझ्या स्टेटसवर? कुठला फोटो?… हां हां, पिठाचा डबा घेऊन उभी हाय तो! मागं गिरणीची पाटी… आणि फोटो मोठा करून नंबर वाचलास? अगं बाय! मी तर साडी दिसावी म्हणून टाकलेला तो!

दाराला आतनं कडी, तर गजा कौलं काढून उतरला बघ घरात. 'गौराबाय, कुणी बाई फोनवर शिव्या घालतेय, गिरणी बंद कर नि आधी जाऊन बघ बोलते'… घातल्यास ना? बरं केलंस.

सुंदरे, आपण भेटलो किती गं? त्या डोळ्यांच्या शिबिरात, एक दुपार. तुझं घर मी पायलं नाय, तुझ्या हातचा चहा प्यायले नाय… नाय, बोलू दे मला. माझी भावकी गावातच हाय. माणसं वाईट नायत गं. पण कुणाच्या ध्यानात आलं नाय. तुला तिकडं खालापुरात बसून कळलं.

…हो, येईन. काठी टेकत येईन. पण आधी तू ये. कशेळ्याला नको जाऊ, नेरळला उतर, हा न्यायला येईल…

थांब जरा, जितेश काय विचारतोय… काय रं? 'मोबाईलवरच्या बाई का?'… मोबाईलवरच्या कसल्या? माझी मैत्रीण हाय ती. धर फोन, तूच बोल… ए, बाई नको. मावशी म्हण.